सायन्स वनचा पेपर सुटला आणि "तुझं किती आलं?"

या अंकातले जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत. दहावीचा सायन्स वनचा पेपर झाला, मुलं केंद्राच्या गेटबाहेर आली, उत्तरं ताडून बघितली आणि त्यानंतर घराघरात जे काही झालं ते सगळं आमच्याकडे येऊन पडलंय. मुलांनी लिहिलंय, आयांनी लिहिलंय, एका बाबांनी मुलीशी पैज लावलीय, नौपाड्यातल्या एका आजोबांचं तर शाईपेनने लिहिलेलं पत्र आहे. नावं छापत नाही, फक्त गाव देतेय. आणि एक आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते, बोर्डाचे पेपरही तपासलेत, पण तुमचा पेपर कोणाकडे गेलाय ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, त्यामुळे "मॅडम अंदाजे किती पडतील" वाले सगळे मेसेज बाजूला ठेवलेत.

प्रश्न (ऐरोली, विद्यार्थी): मॅडम आम्हाला भिंगाचं गणित होतं. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर, प्रतिमा कुठे आणि विशालन किती. माझं ३० सेमी आणि विशालन उणे २ आलं. बाहेर आल्यावर चार जणांना विचारलं तर तिघांचं ६ सेमी आलंय आणि त्यातला एक क्लासचा टॉपर आहे. चौथ्याचं ३० आलंय पण विशालन नुसतं २. आता मला वाटतंय मीच गंडलो. पूर्ण मार्क गेले का?

उत्तर: काही गेलेले नाहीत, तुझं बरोबर आहे. प्रतिमा भिंगाच्या पलीकडे ३० सेमीवर, विशालन उणे २, म्हणजे प्रतिमा वास्तव, उलटी आणि वस्तूच्या दुप्पट.

तिघांचं सेम आलं म्हणून तू घाबरलास ना, पण तिघांचं सेम आलं कारण तिघांनी सेमच चूक केली. कार्टेशियन चिन्ह संकेतात वस्तू भिंगाच्या डावीकडे धरतात म्हणून वस्तूचं अंतर, म्हणजे यू, घ्यायचा उणे १५. सूत्र काय, १/व्ही वजा १/यू बरोबर १/एफ, व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर आणि एफ म्हणजे नाभीय अंतर. त्यात यू उणे टाकलास की १/व्ही = १/१० − १/१५ = १/३०, आले ३०. आणि यू तसाच अधिक १५ टाकला की वजाबाकीची बेरीज होते, १/१० + १/१५ = १/६, आले ६. टॉपर झाला तरी घाईत एक उणे सुटतंच.

आता समजा चिन्हांचा गोंधळ झालाच आणि कोण बरोबर ते कळत नाहीये, तर मतदान घ्यायचं नाही, किरणाकृती आठवायची. नाभी १० वर, दुप्पट नाभीय अंतर २० वर, वस्तू १५ वर म्हणजे दोघांच्या मधे. पुस्तकातला तक्ता तुला पाठ असणार, वस्तू तिथे असली की प्रतिमा पलीकडे दुप्पट नाभीय अंतराच्याही पुढे मिळते, म्हणजे इथे २० च्या पुढेच कुठेतरी. ६ तिथे बसतच नाही, ते तर नाभीच्याही आत आलं आणि खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीच्या आत कधी पडत नाही. हे तपासायला पाव मिनिट लागतं आणि पेपरमधेच करता येतं.

ज्याने विशालन २ लिहिलं त्याचं गणित बरोबर आहे पण उलटी प्रतिमा सांगणारं उणे गाळलंय, थोडं कापलं जाईल. आणि ६ वाल्या तिघांना सांग की भोपळा मिळणार नाहीये. दिलेली माहिती नीट लिहिणं, सूत्र, किंमती घालणं, उत्तर, एकक असे तुकड्यातुकड्याने गुण असतात. तुम्ही मुलं गेटबाहेर फक्त शेवटची ओळ ताडून बघता, परीक्षक मात्र पहिल्या ओळीपासून खाली वाचत येतो, त्यामुळे उत्तर चुकलेल्याला अर्धे मिळतात आणि उत्तर बरोबर पण मधलं काहीच न लिहिलेल्याला कमी मिळतात, असं दरवर्षी होतं आणि दरवर्षी मुलांना तो अन्याय वाटतो.

प्रश्न (कळवा, आई): मुलगा पेपरहून आला तेव्हा खुशीत होता. ट्रेनमधे मित्रांशी बोलला तिथपर्यंत ठीक होतं, मग रात्रभर त्यांच्या ग्रुपवर उत्तरं पडत राहिली. याचं म्हणणं पाचातले दोन एमसीक्यू चुकले आणि एक शास्त्रीय कारण पण चुकलं. तेव्हापासून जेवला नाहीये, सायन्स टू परवा आहे आणि पुस्तक उघडत नाही. ओरडू की समजावू? त्याचे बाबा म्हणतात फोन काढून घे.

उत्तर: या ताईंना मी त्याच रात्री कळवलं होतं, पण असे बरेच मेसेज होते म्हणून इथेही देतेय.

आधी त्याला जेवायला बसवा आणि जेवताना पेपरचा विषय काढू नका. मग कागद-पेन घेऊन त्याच्याच हाताने हिशोब मांडायला लावा, कारण "जाऊ दे रे, होतं असं" हे कोणत्याच मुलाला पटत नाही, त्याला वाटतं आईला काही कळत नाही. दोन एमसीक्यू म्हणजे २ गुण. एक शास्त्रीय कारण म्हणजे २ गुण, तेही पूर्ण चुकलं असेल तर. एकूण ४. पेपर ४० चा, सायन्स टू आणखी ४० चा, प्रात्यक्षिकाचे २० शाळेतून आधीच गेलेत. दहावीची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने म्हणजे ५०० पैकी धरतात, ५०० मधले ४ म्हणजे ०.८ टक्का. आणि सहा विषयांत विज्ञानच सगळ्यात कमी आलं तर ते मोजलंच जात नाही. हे आकडे त्याने स्वतः लिहिले की डोक्यातला डोंगर केवढा आहे ते त्यालाच दिसतं.

दुसरी गोष्ट, सायन्स टूचा आणि वनचा काही संबंध नाही हे त्याला सांगा. परवा भिंगं नाहीत, गुरुत्वाकर्षण नाही, समीकरणं नाहीत. आनुवंशिकता आणि उत्क्रांती, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीव, हरित ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन हे सगळं आहे आणि गणितात कच्च्या मुलांना हा पेपर हात देतो. वनमधे गेलेले चार टूमधे भरून निघू शकतात, एका दिवसात प्राण्यांचं वर्गीकरण आणि हरित ऊर्जा तरी आरामात होतं.

फोन काढून घेऊ नका, त्याने भांडण होईल आणि तो मित्राच्या फोनवर बघेल. ग्रुप शेवटच्या पेपरपर्यंत म्यूट करायला सांगा, त्याचा त्याला करू दे. आणि ताई, रागवू नका पण विचारते, तुम्ही स्वतः बाकीच्या आयांना फोन करून "तुमच्याचं काय म्हणतोय" असं विचारलंत का? बहुतेक घरांत मुलांचा ग्रुप एक असतो आणि आयांचा त्याहून मोठा असतो. तोही म्यूट करा.

हे सगळं एका रात्रीच्या रडण्याबद्दल. पण मुलगा झोपत नसेल, कोणाशी बोलतच नसेल, "आता काही उपयोग नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर पेपर संपेपर्यंत थांबू नका, १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मुलगा स्वतः बोलू शकतो आणि तुम्ही पण.

प्रश्न (वर्तकनगर, विद्यार्थिनी): शास्त्रीय कारण लिहायचं होतं, चांदीची वस्तू हवेत राहिली की काळी पडते. मी सिल्व्हर सल्फाइड लिहिलं. बेस्ट फ्रेंडने सिल्व्हर ऑक्साइड लिहिलंय आणि ती म्हणते हवेत ऑक्सिजन असतो म्हणून ऑक्साइडच. आमचं दोन दिवस भांडण चालू आहे.

उत्तर: भांडण मिटवा, सल्फाइड बरोबर. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात, चांदीची त्यांच्याशी अभिक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. मैत्रिणीचा तर्क तसा वाईट नाहीये, हवा म्हटली की ऑक्सिजन आठवतो आणि लोखंडाला तो तर्क चालतो, तिथे ऑक्सिजन आणि ओलावा मिळून गंज चढतो. पण चांदीला नाही आणि तांब्यालाही नाही. तांब्याच्या हंड्यावर जो हिरवट थर येतो तो दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेला कॉपर कार्बोनेट, म्हणून आजी चिंच लावून घासते, आम्लात तो विरघळतो. तीन धातू, तीन वेगळी कारणं, क्षरणाचा एवढा भाग तिघांचा एकत्र तक्ता करून पाठ केला की मिक्स होत नाही.

शास्त्रीय कारणाचं आणखी एक सांगते, कारण तीन-चार जणींनी थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात त्याबद्दल विचारलंय. एकीने लिहिलं "पाणी गोठतं म्हणून", दुसरीने लिहिलं "पाण्याचं असंगत आचरण म्हणून", दोघी म्हणतात माझंच बरोबर. दोघींचं अर्धंअर्धं आहे. ४ अंश सेल्सिअसच्या खाली पाणी थंड होताना आकुंचन पावायच्या ऐवजी प्रसरण पावायला लागतं आणि शून्याला बर्फ झालं की आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, नळाला तेवढी जागा नसते, आतून दाब येतो आणि तो फुटतो. साखळी पूर्ण लिहायची. ठाण्यात नळ काही गोठणार नाही पण काचेची बाटली गच्च भरून फ्रीझरमधे विसरलेली कोणाच्या तरी घरी असेलच, तेच ते.

प्रश्न (कोपरखैरणे, वडील): मुलीने पेपरमधे निष्क्रिय वायूंचा गण १८ लिहिला. आम्ही शाळेत असताना शून्य गण शिकलो होतो, चांगलं आठवतंय. मी तिला सांगितलं चुकलीस, तर ती म्हणते बाबा तुमचं पुस्तक जुनं झालं. मिसळीची पैज आहे.

उत्तर: मिसळ तुमच्याकडे लागली. आधुनिक आवर्तसारणीत १८ गण (उभे स्तंभ) आणि ७ आवर्त (आडव्या ओळी), निष्क्रिय वायू अठराव्यात. पण मुलीला एवढं सांगा की बाबांचं शून्य हवेतून आलेलं नाही. मेंडेलीव्हने १८६९ मधे आपली सारणी मांडली तेव्हा हे वायू कोणाला सापडलेच नव्हते. १८९४ मधे अर्गॉन मिळाला, मग काही वर्षांत निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन, आणि आधीच्या सारणीला धक्का न लावता त्यांना बसवायचं म्हणून शून्य गण जोडला. मेंडेलीव्हच्या सारणीची ही चांगलीच बाजू मानतात, आणि तिच्या पेपरात "मेंडेलीव्हच्या सारणीचे गुण" असं विचारलं असतं तर तुमचा शून्यच तिला कामाला आला असता. पुढे १९१३ मधे मोझलेने अणुअंक हा खरा पाया आहे हे दाखवलं आणि मग आत्ताची मांडणी आली.

तुम्हाला परतफेड करायची असेल तर तिला विचारा, हेलियमच्या बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन आहेत मग तो मॅग्नेशियमबरोबर दुसऱ्या गणात का नाही. बरीच मुलं इथे अडकतात. (पहिल्या कक्षेत दोनच मावतात, त्यामुळे हेलियमची कक्षा भरलेली आहे आणि तो कोणाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून अठरावा.)

प्रश्न (डोंबिवली, विद्यार्थी): एक एमसीक्यू सुरुवातीला ब लिहिला. शेवटी वेळ उरला तेव्हा वाटलं क बरोबर, म्हणून शेवटच्या पानावर प्रश्न क्रमांक टाकून परत क लिहिला. सगळे म्हणतात क बरोबर आहे. मिळेल ना?

उत्तर: नाही मिळणार, आणि हे मी गोड करून सांगू शकत नाही. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनांमधे छापलेलं असतं की प्रश्न १ (अ) मधे पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरतात. सूचना कोणी वाचत नाही हा वेगळा विषय. १ गुण आहे, सोडून दे. पुढच्या पेपरला शेवटची दहा मिनिटं मिळतात ती एमसीक्यू बदलायला वापरू नकोस, आकृत्यांना नावं दिलीत का, गणितात एककं लिहिलीत का आणि उपप्रश्नांचे क्रमांक बरोबर पडलेत का ते बघायला वापर. क्रमांक चुकीचा टाकलेलं बरोबर उत्तर शोधताना आमचीही धांदल उडते.

प्रश्न (घोडबंदर रोड, आई आणि तशाच आशयाचे ठाण्यातून इतर दोन): दोन वेगवेगळ्या क्लासच्या आन्सर की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतायत आणि त्या जुळत नाहीत. दगड उंचावरून सोडला, २ सेकंदांत जमिनीवर आला, उंची किती, एका कीमधे २० मीटर, दुसऱ्यात १९.६. १००० वॅटची इस्त्री २ तास चालली, एकात २ यूनिट, दुसऱ्यात ७२ लाख ज्यूल. मुलांनी कोणती खरी मानायची? बोर्डाची ऑफिशियल की कुठे मिळते?

उत्तर: दोन्ही बरोबर आहेत हो. पहिल्यात उंची = १/२ × जी × टी वर्ग (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, टी म्हणजे वेळ), जी १० घेतला तर २०, ९.८ घेतला तर १९.६. प्रश्नात जीची किंमत दिली असेल तर तीच घ्यायची, दिली नसेल तर ९.८ घेणं जास्त सेफ. आपण काय किंमत घेतली ते वर लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला लगेच कळतं उत्तर कुठून आलं. न लिहिता नुसते २० लिहिले तर तपासणाऱ्याने काय समजायचं?

दुसऱ्यात तर एकच गोष्ट दोन एककांत आहे. १ यूनिट म्हणजे १ किलोवॅट अवर म्हणजे ३६ लाख ज्यूल, दोन यूनिटचे ७२ लाख. तुमच्या घरी वीजबिल येतं त्यात तेच यूनिट असतात, ज्यूलमधे बिल आलं तर आकडा बघूनच फेफरं येईल. प्रश्नाने कोणत्या एककात मागितलंय तेवढं बघा. इथेही तेच, नुसता आकडा ताडला की दोन मुलं एकमेकांना चूक ठरवतात, शेजारचं एकक वाचलं असतं तर दोघं हसले असते.

क्लासच्या कीबद्दल माझं मत विचाराल तर ती पेपर सुटल्यावर तासाभरात घाईत बनवलेली असते आणि तिचा मुख्य उपयोग पुढच्या बॅचची जाहिरात हा असतो. सगळेच क्लास तसे नाहीत, पण "आमच्या सरांचे एवढे प्रश्न जसेच्या तसे आले" असं ज्याच्या खाली लिहिलंय ती कोणासाठी बनवलीय ते समजून घ्या. गुण देताना ती कोणी बघत नाही. बोर्ड स्वतःची आदर्श उत्तरं ठरवतं, परीक्षक त्याप्रमाणे तपासतात आणि त्यावर मॉडरेटर परत नजर टाकतात. एकाच प्रश्नाला दोन मार्गांनी उत्तर येत असेल तर त्याचाही तिथे विचार होतो.

आणि प्रश्नच चुकीचा छापला असेल तर? तेही होतं. २०२३ मधे बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात छपाईचा घोळ झाला होता आणि ज्या मुलांनी त्या प्रश्नांचा प्रयत्न केला होता त्यांना बोर्डाने ६ गुण दिले. म्हणून मुलांना सांगते, प्रश्न विचित्र वाटला तरी कोरा सोडायचा नाही, क्रमांक टाकून जे येतंय ते लिहायचं.

प्रश्न (नौपाडा, आजोबा): आमच्या अकरावी मॅट्रिकच्या काळात पेपर झाला की प्रश्नपत्रिका घडी करून खिशात, संपला विषय. हल्लीची मुलं परीक्षेपेक्षा परीक्षेनंतर जास्त घाबरलेली दिसतात. नातीला मी सांगितलं की उत्तरं ताडून बघूच नयेत, तर ती म्हणते आजोबा राहवत नाही. तुम्ही शिक्षक लोक मुलांना हे बंद करायला का सांगत नाही?

उत्तर: आजोबा, अक्षर काय सुंदर आहे तुमचं. पण तुमच्याशी मी सहमत नाही, आणि खिशात घातलेली प्रश्नपत्रिका कोपऱ्यावर जाऊन कोणीच उघडली नाही हेही मला पटत नाही.

राहवत नाही हे नातीचं म्हणणं खरं आहे. दोन तास एकटीने केलेलं काम, बाहेर आल्यावर दुसऱ्याने ते कसं केलं हे बघावंसं वाटणारच. आणि विज्ञानात तर उत्तरं ताडून बघण्यावरच सगळं चालतं. २०११ मधे ऑपेरा नावाच्या गटाने मोजलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतायत. प्रकाशापेक्षा वेगवान काही असणं म्हणजे आइन्स्टाइनलाच आव्हान. त्यांना स्वतःलाही ते पटत नव्हतं, पण त्यांनी लपवलं नाही, आमचं असं येतंय, तुमचं काय येतंय बघा म्हणून सगळ्या जगापुढे ठेवलं. पुढच्या वर्षी ग्रान सासोमधल्याच इकारस गटाने मोजलं तर वेग प्रकाशाइतकाच निघाला, आणि ऑपेरावाल्यांनी आपली यंत्रणा उलटीपालटी केली तेव्हा सापडलं की एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. केबल सापडली कारण त्यांनी "कोणाचं उत्तर खरं" एवढ्यावर न थांबता "माझं असं का आलं" हे खणून काढलं.

मुलांना मी वर्गात हेच करायला लावते. चाचणी झाली की दोघादोघांना बसवते आणि आकडा सांगायला बंदी, फक्त कसं केलं ते सांगायचं. पहिली पाच मिनिटं वैताग असतो, मग कोणीतरी म्हणतं "अगं तू यू उणे नाही घेतलास" आणि तिथून खरी मजा सुरू होते. तुमच्या नातीला पेपर चालू असेपर्यंत हे जमणार नाही, तेवढा वेळ आणि डोकं नसतं, तेव्हा आत्ता फार तर पहिला अर्धा तास बोलू दे आणि घरी आल्यावर बंद. शेवटचा भूगोलाचा पेपर झाला की दोन मैत्रिणींना घरी बोलवा, प्रश्नपत्रिका मधे ठेवा, तुम्हीही बसा. मॅट्रिकचं फिजिक्स तुम्हाला किती आठवतं तेही कळेल.

प्रश्न (खारघर, विद्यार्थिनी): मैत्रिणींशी ताडून बघितल्यावर मला ४० पैकी ३७ तरी पडायला हवेत. निकालात कमी आले तर आपला पेपर बघायला मिळतो का? त्यासाठी वाशीला जायला लागतं का?

उत्तर: बघायला मिळतो. निकाल लागला की बोर्ड एक पत्रक काढतं, त्यात गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करायच्या तारखा असतात. दोन्हींत फरक आहे. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढं बघतात, उत्तर परत वाचत नाहीत. उत्तर परत तपासून हवं असेल तर ते पुनर्मूल्यांकन आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा असतो, इथेच बऱ्याच जणांचे दिवस निघून जातात कारण प्रत हातात आली की आधी मैत्रिणींना फोटो पाठवले जातात आणि शिक्षकांना दाखवायचं चौथ्या दिवशी आठवतं.

तू प्रत आली की त्याच दिवशी तुझ्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे जा आणि त्यांना एकेक पायरी वाचायला सांग. एखादी पायरी बरोबर असून गुण दिसत नसेल तरच पुढे जा, कारण पुनर्मूल्यांकनात गुण वाढतात तसे कमीही होऊ शकतात. आणि हे "३७ तरी" मैत्रिणींच्या उत्तरांवरून काढलेत ना, त्यांनी तुझ्या शेवटच्या ओळी ऐकल्यात, आकृतीला नावं दिलीस की नाही ते त्यांना कुठे माहीत. दोन गुणांसाठी अर्ज करायचा का ते प्रत बघून ठरव.

वाशीला मुंबई विभागीय मंडळाचं ऑफिस आहे आणि ठाणे जिल्हा, नवी मुंबई, रायगड सगळं त्यातच येतं, पण अर्ज आणि फी ऑनलाइन भरता येते, त्यासाठी खारघरहून ट्रेन पकडून जायची गरज नाही. बैठक क्रमांक लिहिलेलं हॉल तिकीट तेवढं निकालापर्यंत जपून ठेव, ते नेमकं कपाटात कुठेतरी जातं.